डोळे आलेले नाहीत

सप्तापूर, धारवाड
८ जुलै १९७९

ती. अक्कास,

नमस्कार. थोरल्या बहिणीला लिहिताना इथे 'साष्टांग' लिहायचं असतं. मी लिहिलं नाही. माझ्या हातचा तो शब्द तू खरा धरणार नाहीस, आणि पुढचं सगळं तू खरं धरावंस अशी माझी गरज आहे.

पत्र तुझ्या श्यामलाच्या डोळ्याबद्दल आहे. तेवढ्यासाठी तरी शेवटपर्यंत वाच.

तुमच्या दुकानातला गुंडू काल सुभाष रोडवर भेटला. सायकलला खणांचा गठ्ठा बांधत होता. मी घरची खुशाली विचारली. तो म्हणाला, "बाकी सगळं बरं हाय. श्यामक्काचे तेवढे डोळे परत आलेत की ओ, वसंतण्णा. अव्वांनी मागच्या खोलीत ठेवलंय तिला. कुणी तिच्या डोळ्यात बघायचं नाही म्हणून ताकीद हाय." अव्वा म्हणजे तू.

मी विचारलं, दोन्ही डोळे आलेत?

"दोन्ही कुठले? डावा."

"आणि मागच्या वेळी?"

"मागं उजवा होता. शिमग्याच्या आधी परत डावा."

"पापण्या चिकटतात का सकाळी? चिपडं येतात?"

"चिपडं नाहीत. नुसता लाल. पाणी गळतंय. खिडकी उघडली की अंगावर येतीया." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

घरात आणखी कुणाला लागण झाली का, तेही मी विचारलं. कुणालाच नाही. अव्वांनी लई सांभाळलंय, असं तो म्हणाला.

अक्का, तू सांभाळलंस यात शंका नाही. पण हे लागणारं दुखणंच नाही. डोळे येतात तेव्हा बहुधा एकामागून दुसरा येतो, चिकट घाण येते, सकाळी पापण्या कोमट पाण्याने सोडवाव्या लागतात, आणि आठवड्यात सगळी आळी लाल डोळ्यांनी हिंडते. श्यामलाचा एकच डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, आणि डोळ्याच्या आत खोल ठणका लागत असणार. तिला विचार. हा दाह बाहेरच्या पांढऱ्यावर नाही, डोळ्याच्या आत आहे. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजतो. डॉक्टर त्याला यूव्हाइटिस म्हणतात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझा उजवा डोळा गेला हे तुझ्या कानावर आलं असेल. तो असाच गेला. मीही डोळे आले म्हणत होतो. तगरीची फुलं ठेवत होतो, जशी तू तिच्या डोळ्यावर ठेवत असशील, जशी आई आपल्या डोळ्यांवर ठेवायची. फुलांनी गार वाटतं. आत काही पोचत नाही. मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवस काढतो, तरी हे मला उशिरा कळलं.

हुबळीला डॉ. हिरेमठ आहेत. तिला त्यांच्याकडे ने. आठवड्याच्या बाजाराला थांबू नकोस. मी तिथे येणार नाही. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. या पत्रात दुसरं काही नाही.

वसंत


धारवाड
२९ जुलै १९७९

ती. अक्कास,

तुझा निरोप गुंडूने पोचवला. त्याला तुझ्या आवाजात बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. बसस्टँडवर उभा राहून, कमरेवर हात ठेवून त्याने सांगितलं, "त्याला म्हणावं, डोळा पांढरा झाला. ह्यांनी हुबळीच्या दुकानातून थेंब आणले, चार दिवसांत फरक पडला. श्रावणात निपाणीची माणसं बघायला यायची आहेत. या वक्ताला मुलीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं असं कलघटगीभर व्हायला नको. आणि त्याला एवढा पुळका होता तर नऊ वर्षं कुठं होता?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आज देत नाही. ते टाळतो आहे असं तू म्हणशील. टाळतो आहेच.

डोळा पांढरा झाला म्हणजे बरा झाला नाही. तेच थेंब मी घेतले होते. दाह दाबणारं औषध आहे ते, चांगलं औषध आहे, पण चिठ्ठीशिवाय आणि तपासणीशिवाय घ्यायचं नव्हे. लाली आधी जाते. आतली सूज मागे राहते. माणूस आरशात बघतो, खूश होतो, बाटली फळीवर ठेवून देतो. एकदम बंद केलं की ते पुन्हा उसळतं. आणि वर्षभर मनाने घालत राहिलं तर त्याच थेंबांनी डोळ्यातला दाब चढतो, मोतीबिंदू येतो. मी दोन्ही चुका केल्या, आलटून पालटून.

भावजींना दोष देत नाही. मुलीला त्रास होतो हे बघून त्यांनी धावपळ केली. माझ्यासाठी तशी धावपळ करणारं कुणी नव्हतं असं आत्ता लिहिणार होतो. ते खरंही नाही, योग्यही नाही.

आता एक विचारतो. ते विचित्र वाटेल. श्यामलाची पाठ दुखते का? कमरेच्या खाली, आतल्या बाजूला? सकाळी उठताना अंग फळीसारखं होतं का, आणि झाडलोट, पाणी भरणं झालं की मोकळं होतं का? बसून राहिलं की वाढतं आणि काम केलं की कमी होतं, असं असेल तर तो आळस नव्हे. ती सांगणार नाही. तू विचार. नाही तर तिला झोपेतून उठताना एकदा लपून बघ.

डोळ्याचं पत्र आणि पाठीची चौकशी कशाला, हे या पत्रात लिहीत नाही. ते लिहिलं तर तुला वाटेल की डोळ्याचं निमित्त करून मी माझंच काही मांडतो आहे. तसं वाटून तू तिला नेलं नाहीस तर ते मला सोसणार नाही.

निपाणीच्या माणसांच्या आधी ने. नाही तर नंतर ने. पण ने.

वसंत


धारवाड
२० ऑगस्ट १९७९

ती. अक्कास,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर बदललेलं नाही. मी ते उभ्याने वाचलं.

तू लिहितेस, "पाहुण्यांना नमस्कार करताना श्यामला खाली गेलीच नाही. अर्ध्यात थांबली, भिंत धरली. त्यांची आत्या म्हणाली, मुलगी शिकलेली दिसते, वाकत नाही. मी आत नेऊन तिला नको ते बोलले. ती म्हणाली, आई, खाली गेले तर वर येता येत नाही. डोळा त्याच रात्री परत लाल झाला. तुला पाठीचं आधी कसं कळलं? ते लिही."

तू तिला काय बोलली असशील ते मला साधारण माहीत आहे. मी ते ऐकलेलं आहे. हे वाक्य खोडणार होतो, पण ठेवतो.

कसं कळलं ते लिहितो. माझा डोळा जायच्या बेताला आला तेव्हा डॉ. हिरेमठांनी यंत्रातून बघता बघता विचारलं, "पाठ कशी आहे?" मला हसू आलं. वाटलं, बुवा गप्पा मारतोय. ते म्हणाले, "हसू नका री. सकाळी बूट बांधता येतात का?" मी चपला वापरत होतो, अक्का. बूट बांधता येत नव्हते म्हणूनच वापरत होतो, आणि ते मी स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं. त्यांनी कमरेचा फोटो काढायला लावला. कण्याच्या तळाशी जे सांधे असतात ते जुळून येत होते. डोळ्यातला दाह आणि पाठीतला दाह हे काही माणसांत एकच दुखणं असतं. ते काही घराण्यांत उतरतं. सगळ्यांना होतं असं नाही. मला झालं. मामा-भाचीचं नातं रक्ताचंच आहे.

आता आप्पांच्या एकसष्टीचं. तू विचारलं नाहीस. पण पाठीचं लिहिलं की ते आपोआप येतं, आणि आलं नाही असं दाखवणं खोटं होईल.

सगळ्यांनी आप्पांना साष्टांग घातला. मी उभ्याने हात जोडले. मांडवातली सगळी माणसं बघत होती. आप्पांनी मान वळवली. दिवाळीच्या आत ते गेले, आणि तू म्हणालीस की बापापुढे जो वाकला नाही त्याने माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवू नये. त्या सकाळी माझी पाठ अशी होती की आडवा झालो असतो तर चार माणसांनी उठवलं असतं. दुखण्याचं नाव मला माहीत नव्हतं. तेहतीस वर्षांच्या माणसाने पाठ धरली म्हणून सांगायची लाज वाटली. एवढं खरं आहे.

पण एवढंच खरं आहे का, हे मी तेव्हापासून रोजनिशीत स्वतःला विचारतो आहे. त्या दिवसांत माझं आप्पांशी पटत नव्हतं. दुकान सोडून धारवाडला आलो म्हणून ते मला गिऱ्हाइकांसमोर 'आमचे पानफुलांचे मास्तर' म्हणायचे. पाठ धड असती तर मी वाकलो असतो का? मला वाटतं, वाकलो असतो. खात्री नाही. खात्री असती तर फोटो हातात आल्या दिवशीच कलघटगीची बस धरली असती आणि तो तुझ्यासमोर धरला असता. नाही म्हणून सहा वर्षं तो कपाटावर पडून आहे.

तेव्हा माझ्याबद्दल काय ते तू ठरव, किंवा ठरवू नकोस. श्यामलाच्या बाबतीत मात्र ठरवण्यासारखं काही नाही. ती उद्धट नाही. तिच्या वाकण्याला अडसर आहे, आणि तोच तिच्या डोळ्यातही आहे. निपाणीचं स्थळ जाऊ दे. डोळा जाऊ देऊ नकोस.

गुरुवारी सकाळच्या बसने ये. मी दवाखान्याच्या फाटकाशी असेन. नको असेन तर मान हलव, मी परत जाईन.

वसंत


धारवाड
२६ ऑगस्ट १९७९

ती. अक्कास,

डॉक्टर बोलत होते तेव्हा तू श्यामलाच्या वेणीची रिबीन सोडत होतीस आणि बांधत होतीस. किती ऐकलंस मला माहीत नाही. म्हणून सगळं परत लिहितो. हे पत्र देवघरापाशी टाचून ठेव, श्यामलाला वाचून दाखवायला लावू नकोस. तिला अजून महिनाभर जवळचं धूसर दिसेल. ते थेंबांमुळे. घाबरायचं नाही.

बाटल्या दोन आहेत. लाल टोपणाची बाहुली मोठी करते. पांढऱ्या टोपणाची आतला दाह विझवते. दोन्ही लागतात. लाल टोपणाची कशाला, हे तू विचारलंस आणि डॉक्टरांनी उलट तुलाच विचारलं, "बाई, तव्यावर दोसा टाकला आणि उलथनं घातलंच नाही तर?"

"चिकटतो."

"तसा तो पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. त्याला हलता ठेवायला पाहिजे."

"मग तेल घाला की."

"तेच घालतोय," डॉक्टर म्हणाले. श्यामला हसली. तुम्हा दोघींपैकी कुणी हसेल अशी मी आशा सोडली होती.

मग त्यांनी तुला यंत्रात बघायला लावलं. तू आढेवेढे घेतलेस, पदर सावरलास आणि डोळा लावलास. बाहेर आल्यावर म्हणालीस, "कौलातून कवडसा पडल्यावर धूळ दिसते ना, तशी धूळ आहे रे तिच्या डोळ्यात. हलतेय." अक्का, ते धुळीचे कण म्हणजेच तो दाह. निरोगी डोळ्यातलं पाणी स्वच्छ असतं, तिथे कवडसा दिसतच नाही. पांढऱ्या टोपणाचे थेंब किती चालू ठेवायचे ते त्या धुळीवर ठरतं, लालीवर नाही, आरशावर नाही, आणि भावजींवरही नाही. डॉक्टर सांगतील तसे सावकाश कमी करायचे. दर खेपेला डोळ्यातला दाब मोजून घ्यायचा.

छातीचा फोटो आणि रक्त तपासायला दिलं आहे. क्षयामुळेही असा दाह होतो, ते नाही ना हे बघायला. तू 'क्षय' ऐकून भिंतीला टेकलीस. फोटो स्वच्छ आहे. काल संध्याकाळी मी जाऊन बघून आलो. कमरेच्या फोटोत मात्र माझ्यासारखीच सुरुवात आहे. फार थोडी. तिला वेळेवर कळलं आहे. गोळ्या जेवणानंतर, कधीच रिकाम्या पोटी नाही. व्यायाम रोज, कंटाळा आला तरी. अंथरूण मऊ नको.

हे मुळातून बरं होत नाही. हे मी तिच्यासमोर सांगितलं म्हणून तू माझ्याकडे रागाने बघितलंस. पण माहीत असलेलं बरं. पुढे कधी डोळा दुखला, उजेड बोचला, की त्याच दिवशी हुबळी. फुलं नाहीत, जुनी बाटली नाही. दोन दिवस बघू असंही नाही. एवढं केलं तर ती म्हातारपणी दोन्ही डोळ्यांनी नातवंडांवर ओरडू शकेल.

थेंब घालून तिला तासभर बसवलं होतं, तेव्हा मी तिची समजूत घालायला गेलो. म्हणालो, मलाही एकाच डोळ्याने दिसतं, काही अडत नाही, सूक्ष्मदर्शकाला एकच लागतो. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला पानंफुलं बघायचीत. मला माणसं बघायचीत. मला दोन्ही पाहिजेत." आप्पा गेल्यापासून मला इतक्या सरळ कुणी टोमणा मारला नव्हता.

तासाने बाहुली उघडली ती गोल नव्हती. कडेला चिकटलेली, मध्ये सुटलेली, पाकळ्या पडल्यासारखी. तू हळूच म्हणालीस, तगरीचं फूल. नंतर एक पाकळी आणखी सुटली. एक ठिकाण कदाचित तसंच राहील, पण तेवढ्याने नजर जात नाही.

आणखी एक. फाटकाशी माझ्या कमरेच्या जुन्या फोटोचं पाकीट हातून पडलं. मी गुडघे मोडून खाली जायला लागलो, जसा नेहमी जातो. तू बघत होतीस. मग तू वाकून ते उचललंस आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत घातलंस.

निपाणीकडून नकार आला तर येऊ दे. पुढच्या स्थळाला सांगायचं की नाही, हा प्रश्न तू मला बसमध्ये चढताना विचारलास आणि उत्तराला थांबली नाहीस. मी असतो तर सांगितलं असतं. पण मला मुलगी नाही, म्हणून हे माझं मत हलकं धर.

वसंत


धारवाड
१४ ऑक्टोबर १९७९

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. कागदावर मला तो घालता येतो.

मंगळवारी तू आली नाहीस, भावजींना पाठवलंस. ते माझ्याशी मोसंब्यांच्या भावाबद्दल बोलले, मग पावसाबद्दल, मग परत मोसंब्यांबद्दल. आत डॉक्टरांनी यंत्र लावलं आणि भावजींनाही बघायला बोलावलं. ते म्हणाले, "काही दिसत नाही." डॉक्टर म्हणाले, "हौदु, बरोबर. तेच बघायला बोलावलं." धूळ गेली आहे. श्यामलाने भिंतीवरची अक्षरं अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचली, आणि ती ओळ पाठ केली असेल असा संशय भावजींना आला म्हणून उलटीही वाचून दाखवली. थेंब आता सकाळ-संध्याकाळ एकेकच. ते तिने मनाने बंद करू नयेत. चांगलं वाटायला लागलं की हात आळसतो, हे मी माझ्या अनुभवाने सांगतो.

चिकटलेलं एक ठिकाण राहिलं. उन्हात नीट बघितलं तरच कळतं.

व्यायामाचं ती करते का ते मी विचारलं. म्हणाली, "आईच करून घेते. दारात उभी राहते आणि मोजते. चुकलं की पहिल्यापासून."

गुंडू काल आला होता. तुझा निरोप त्याने या वेळी तुझ्या आवाजात सांगितला नाही, स्वतःच्याच आवाजात, खाली बघत सांगितला. "अव्वांनी भाऊबीजेला बोलावलंय. पाट मांडत नाही म्हणाल्या, खुर्ची ठेवते. मी म्हटलं, अव्वा, ओवाळायला खुर्ची कुठं असते, लोक काय म्हणतील? तर मलाच शिव्या. म्हणाल्या, तुला कुणी बोलावलंय बघायला?"

नऊ भाऊबीजा मी इथे खोलीवर काढल्या. त्या दिवशी सप्तापुरातले सगळे भाडेकरू आपापल्या बहिणींकडे जातात आणि जिन्यात कुणी नसतं. त्यांतल्या एकाही वर्षी पाट हा शब्द माझ्या मनात आला नव्हता. बोलावणं आलं तर बसणार कसा, हे मी विचारात घेतलंच नव्हतं. तू घेतलंस.

येतो. पहिल्या बसने येतो.

खुर्ची हाताची ठेव, अक्का. बसायला जमतं. उठताना धरायला काही लागतं.

तुझा,
वसंत